कांजिण्यांनंतरचा पक्षाघात : ‘दुर्मीळ’ म्हणून कोणाची सुटका होते?

बालरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कांजिण्यांच्या प्रकरणाला गुंतागुंतींची एक यादी जोडलेली असते. त्वचेचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, चालताना तोल जाणे, मेंदूचा दाह आणि यादीच्या तळाशी, जेमतेम एका ओळीत, पक्षाघात. शेजारचे विशेषणही ठरलेले असते : दुर्मीळ. विद्यार्थी ती ओळ परीक्षेपुरती लक्षात ठेवतो, वॉर्डातल्या धावपळीत ती विसरतो आणि पुढे कधी धोरण ठरवण्याच्या बैठकीला बसलाच, तर तेवढे विशेषण मात्र त्याला नेमके आठवते. विशेषण खोटे नाही. पण भारतात ते मोजणी करून काढलेले नाही. परदेशातून आयते आलेले हे विशेषण येथे मोजणी टाळण्यासाठी वापरले जाते. वाद आहे तो एवढ्याचबद्दल.

आजाराचे चित्र साधारण असे असते. पाच-सहा वर्षांचे मूल. तीन महिन्यांपूर्वी त्याला कांजिण्या येऊन गेल्या. खपल्या पडल्या, डाग फिके झाले, शाळा पूर्ववत सुरू झाली. एके सकाळी त्याच्या उजव्या हातातून पेला निसटतो, पाय ओढत चालू लागतो, तोंड एका बाजूला वाकडे होते, शब्द अडखळतात. घरातले कोणीही या दोन घटनांची सांगड घालत नाही. घालणार तरी कशी? घराच्या हिशेबी कांजिण्या केव्हाच संपलेल्या असतात. खरी अडचण अशी की डॉक्टरही ती सांगड घालत नाहीत, कारण ‘कांजिण्यांची गुंतागुंत’ म्हटले की डोळ्यांपुढे अंगावर फोड असलेले मूल येते. येथे तर कातडी स्वच्छ असते.

या विलंबामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कांजिण्यांचा विषाणू, म्हणजे व्हेरिसेला झोस्टर, फोड सुकले म्हणून शरीर सोडून जात नाही. संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या गुच्छिकांमध्ये तो दडून बसतो. उतारवयात तेथूनच उठून तो नागीण घडवतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. या गुच्छिकांपैकी एक ट्रायजेमिनल मज्जातंतूची. चेहऱ्याला संवेदना पुरवणारा हा मज्जातंतू मेंदूच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींनाही तंतू पुरवतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते. या तंतूंच्या वाटेने विषाणू धमनीच्या भिंतीत पोहोचतो, असे आजचे आकलन आहे. भिंतीत दाह सुरू होतो, धमनीतली वाट अरुंद होते आणि केव्हातरी पुढचा रक्तपुरवठा तुटतो. या वाटेचा पहिला सुगावा मुलांकडून लागला नव्हता. डोळ्याभोवती नागीण उठलेल्या काही प्रौढांना, पुरळ बरे झाल्यावर काही आठवड्यांनी, शरीराच्या विरुद्ध बाजूचा अर्धांगवायू होतो, हे निरीक्षण जुने आहे. नागीण डाव्या डोळ्याभोवती, लुळे पडले ते उजवे अंग. मेंदूची डावी बाजू उजवे अंग चालवते हे ज्याला माहीत आहे, त्याला यातले गणित लगेच उलगडेल.

मुलांमध्ये हा मारा बहुधा मध्य मस्तिष्क धमनीच्या उगमाजवळ होतो. तेथून केसांसारख्या बारीक शाखा मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात शिरतात. मोठी धमनी पूर्ण बंद न होताही या शाखांची तोंडे आक्रसू शकतात. धमनीचे आक्रसणे काही आठवडे वाढत जाते, मग थांबते, आणि अनेक मुलांत सहा महिन्यांच्या सुमारास धमनी बरीचशी सावरतेही. म्हणून या विकाराला ‘तात्पुरता धमनीविकार’ असे गोड नाव मिळाले. धमनीपुरते ते खरे असेल. पण तिच्यामागे मेलेला मेंदूचा भाग परत येत नाही. मुलाचा हात वाकडा, ताठर राहतो, लिहिता हात बदलावा लागतो, काहींना पुन्हा झटका येतो.

पुरावा किती पक्का आहे? टोरंटोच्या संशोधकांनी २००१ मध्ये सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या, रक्तपुरवठा तुटून पक्षाघात झालेल्या मुलांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी ३१ टक्के मुलांना आधीच्या बारा महिन्यांत कांजिण्या येऊन गेल्या होत्या. निरोगी मुलांत हेच प्रमाण ९ टक्के होते. असा अभ्यास एकटा असता तर शंकेला जागा होती. परंतु २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींवरून वेगळ्या पद्धतीने हाच प्रश्न तपासला गेला. तेथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच होती : कांजिण्यांनंतरचा काळ एका बाजूला, त्याच मुलाचा उरलेला काळ दुसऱ्या बाजूला. गरिबी, आनुवंशिकता, घरचे वातावरण हे स्थिर घटक अशा मांडणीत आपोआप बाद होतात. कांजिण्यांनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मुलांमधली पक्षाघाताची जोखीम सुमारे चौपट निघाली. संशोधनपद्धती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे दोन अभ्यास शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. एकाच प्रश्नाला दोन भिन्न दारांनी जाऊन तेच उत्तर मिळाले, की त्याचे वजन वाढते.

याहून व्यापक चित्र २०१५ मध्ये, अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘व्हिप्स’ या अभ्यासातून पुढे आले. पक्षाघात झालेली ३५५ मुले आणि तुलनेसाठी ३५४ मुले. आधीच्या आठवड्यात काही ना काही संसर्ग झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १८ टक्के, दुसऱ्यात ३ टक्के. बहुतेक संसर्ग साध्या सर्दी-खोकल्याचे. आणि ज्या मुलांच्या नेहमीच्या लशी थोड्याच झाल्या होत्या किंवा मुळीच झाल्या नव्हत्या, त्यांच्यात जोखीम सातपटीहून अधिक. येथे घाईने कोणी घाबरू नये. श्रीमंत देशांत नवजात अर्भके वगळता दर लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्या मुलाला असा पक्षाघात होतो. सर्दी झालेल्या कोट्यवधी मुलांतील एखाद्याच्याच वाट्याला हे येते. ज्यांच्या धमन्यांत किंवा रक्तात आधीच काही दोष असेल, त्यांच्यासाठी संसर्ग ही ठिणगी ठरत असावी. पण ठिणगी कोणती हे ओळखता आले आणि तिच्यावर लस असली, तर ‘दुर्मीळ’ म्हणून हात झटकणे शोभत नाही.

आता भारताकडे वळावे. पाश्चात्त्य वैद्यकीय साहित्यात वारंवार उद्धृत होणारा एक अंदाज असा, की कांजिण्या झालेल्या सुमारे १५,००० मुलांमागे एकाला पक्षाघात होतो. भारतात दरवर्षी ढोबळमानाने अडीच कोटी बालके जन्मतात. उष्ण प्रदेशांत कांजिण्या बऱ्याचदा मोठेपणी येतात. म्हणून समजा, यांतल्या निम्म्यांनाच बालपणी कांजिण्या आल्या. सव्वा कोटी भागिले पंधरा हजार. उत्तर ८३३. एका वर्षी जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे आठशे. हा आकडा भारतातल्या निरीक्षणाचा नाही, निव्वळ अंकगणिताचा आहे. तो निम्मा निघेल किंवा दुप्पटही निघेल. पण २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले होते आणि त्या ७४१ मुलांसाठी या देशाने रेल्वेस्थानकांवर, वीटभट्ट्यांवर, कोसी नदीच्या पुरात बुडालेल्या पाड्यांवर लस पोहोचवली. पोलिओ पसरतो, पक्षाघात पसरत नाही, हा फरक खराच. कांजिण्या मात्र पसरतात, आणि त्या भलत्याच वेगाने पसरतात.

पोलिओचा उल्लेख केवळ तुलनेसाठी नाही. मराठीत ‘बालपक्षाघात’ हा शब्द पोलिओनेच व्यापून ठेवला आहे. मुलाच्या मेंदूतली धमनी बंद पडून होणाऱ्या आजाराला रूढ, सुटसुटीत नावसुद्धा उरलेले नाही. नाव नसलेल्या आजाराची तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही. मग ‘वारे लागले’, ‘नजर लागली’, ‘अशक्तपणा आला’ यांवर वेळ जातो. दुसरीकडे कांजिण्यांना नावांची वाण नाही. उत्तरेत ‘छोटी माता’, तमिळनाडूत ‘अम्मै’, बंगालमध्ये ‘जलबसंत’. दाराला कडुलिंबाचा पाला लागतो, पथ्य पाळले जाते, देवीची शांत केली जाते आणि अनेक घरांत औषध घेणेही टाळले जाते. या श्रद्धेची टवाळी करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : देवीच्या रोगाचे निर्मूलन याच देशात, याच श्रद्धांच्या गराड्यात झाले. श्रद्धा आडवी आली म्हणून लस पोहोचली नाही, ही सबब त्या काळीही टिकली नव्हती.

निदानाचा विलंब केवळ खेड्यातला नाही. २००९ मध्ये टोरंटोमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लक्षणे दिसल्यापासून मुलाच्या पक्षाघाताचे निदान होईपर्यंतचा मध्यक काळ जवळपास २३ तास होता. ही एका संपन्न शहरातली गोष्ट. मुलांना पक्षाघात होतच नाही, हा पहिला गैरसमज. अशक्तपणाला आकडीनंतरची तात्पुरती शिथिलता, अर्धशिशी किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा समजणे, हा दुसरा. तिसरी अडचण यंत्राची : सुरुवातीच्या तासांत सीटी स्कॅन अगदी निर्दोष दिसू शकतो आणि ‘सीटी नॉर्मल आहे’ असे सांगून मूल घरी पाठवले जाते. एमआरआयच्या ठरावीक चित्रणात तोच डाग लखलखीत दिसतो. जिल्ह्याच्या गावी एमआरआय असला, तरी लहान मुलाला शांत झोपवून ते चित्रण करणारी माणसे असतातच असे नाही. भारतात आणखी एक गुंता आहे. क्षयाच्या मेंदूज्वरातही बेसल गँग्लियात असेच घाव होतात, तान्ह्या बाळांना किरकोळ पडझडीनंतरही तेथे पक्षाघात झाल्याचे हैदराबादच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. म्हणजे पाहणारे डोळे या देशात आहेत. कांजिण्यांच्या बाबतीत त्या डोळ्यांना मागे वळून पाहायला कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

उपचाराबाबतही एक विरोधाभास विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. कांजिण्यांचा ताप असताना मुलाला ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूला ग्रासणारा घातक विकार उद्भवू शकतो. आणि काही महिन्यांनी त्याच मुलाला धमनी आक्रसून पक्षाघात झाला, तर पुन्हा झटका येऊ नये म्हणून अल्प मात्रेतले ॲस्पिरिनच बहुधा सुरू केले जाते. विषाणुरोधक औषध आणि स्टेरॉइड यांचा वापर होतो, पण त्यांच्या उपयोगाचा पुरावा अजून तोकडा आहे. थोडक्यात, घाव झाल्यावर वैद्यकाच्या हाती फारसे काही नाही. ज्याच्यावर उपाय तोकडा, त्याचा प्रतिबंध अधिक निकडीचा, हे सूत्र इतर रोगांना लागू करणारे येथे का कचरतात?

प्रतिबंध तर अर्धशतक जुना आहे. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी स्वतःच्या मुलाला झालेल्या गंभीर कांजिण्या पाहिल्यावर या लशीचा ध्यास घेतला आणि १९७४ मध्ये ‘ओका’ वाणाच्या क्षीण केलेल्या विषाणूची लस मांडली. अमेरिकेने ती १९९५ मध्ये स्वीकारली, २००६ पासून दोन डोस केले. जिवंत विषाणूची लस म्हटल्यावर ‘लशीनेच पक्षाघात होत असेल तर?’ ही शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत सुमारे ३२ लाख मुलांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये तिचे उत्तर देण्यात आले : लस घेतल्यानंतरच्या बारा महिन्यांत पक्षाघाताची जोखीम वाढलेली आढळली नाही.

भारताचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. गेल्या काही वर्षांत त्यात रोटाव्हायरस, गोवर-रुबेला, न्यूमोकॉकल अशा लशींची भर पडली, ही अभिमानाची गोष्ट आहे. कांजिण्यांची लस मात्र त्यात नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स तिचे दोन डोस सुचवते. खासगी दवाखान्यात एका डोसला दोन हजार रुपयांच्या आसपास पडतात. दोन मुलांच्या घरात दोन-दोन डोसांचे आठ हजार. ज्यांना परवडते त्यांची मुले सुरक्षित, बाकीच्यांसाठी कडुलिंब.

या जागी विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लस अर्धवट पोहोचली, तर विषाणूचे फिरणे थांबत नाही, फक्त मंदावते. मग ज्यांना लस मिळाली नाही त्यांना कांजिण्या बालपणाऐवजी तारुण्यात येतात आणि मोठेपणीच्या कांजिण्या अधिक घातक असतात. गरोदर स्त्रियांसाठी तर विशेषच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये अट घातली, की ८० टक्के मुलांपर्यंत लस पोहोचवून ते प्रमाण टिकवता येत असेल तरच ती राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण ७६.४ टक्के होते. रेषा दूर नाही, पण देशभर सारखी ओलांडलेलीही नाही. हा मुद्दा मान्य करूनही प्रश्न उरतो : मग आजची व्यवस्था काय आहे? विकत घेणाऱ्यांपुरती लस आणि बाकीच्यांना काहीच नाही, हेसुद्धा अर्धवट लसीकरणच आहे. अंशतः लस देण्यातला धोका सांगून ती सरकारी केंद्रांपासून दूर ठेवायची आणि खासगी बाजारात मात्र मुक्त विकू द्यायची, या दोन भूमिका एका वाक्यात नांदू शकत नाहीत. ज्या राज्यांत लसीकरण आधीच ८० टक्क्यांच्या वर आहे, तेथून सुरुवात करायला कोणते शास्त्र आडवे येते?

दुसरा आक्षेप नागिणीचा. मुलांच्या कांजिण्या थांबल्या तर मोठ्यांची प्रतिकारशक्ती अधूनमधून उजळणार नाही आणि नागीण वाढेल, या भीतीने ब्रिटनने ही लस वर्षानुवर्षे दूर ठेवली. अमेरिकेतला दीर्घ अनुभव पाहता ती भीती त्या प्रमाणात खरी ठरली नाही. २०२३ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने आपले मत बदलले आणि २०२५ मध्ये तेथील सरकारने लस बालकांच्या कार्यक्रमात घेण्याचे जाहीर केले. तिसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर न्यूमोकॉकल लशीने दिले आहे. तीही एकेकाळी फक्त श्रीमंतांची लस होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये स्वस्त देशी लस आणली आणि २०२१ मध्ये ती देशभर मोफत सुरू झाली. सरकारने मागणी नोंदवली की किंमत उतरते, किंमत उतरेपर्यंत मागणी नोंदवणार नाही म्हणणे म्हणजे पोहता येईपर्यंत पाण्यात न उतरणे.

एक कबुलीही द्यायला हवी. केवळ पक्षाघाताच्या बळावर या लशीचा खटला उभा राहत नाही. न्यूमोनिया, त्वचेचे गंभीर संसर्ग, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवरचे संकट, बुडालेली शाळा आणि बुडालेली मजुरी हे सारे एकत्र तोलले तरच तो उभा राहतो. पण मग पक्षाघाताचे वजन शून्य धरून तोलू नये. आज ते शून्यच धरले जाते, कारण तराजूत टाकायला आकडाच नाही. देशात साथरोगांच्या नोंदीत कांजिण्यांचे उद्रेक वारंवार दिसतात. पण ती नोंद पुरळ असलेल्या आठवड्याची असते. सहा महिन्यांनी त्यातल्या कोणत्या मुलाचा हात लुळा पडला, हे त्या कागदाला कधीच कळत नाही.

आणि गंमत म्हणजे तो आकडा मिळवण्यासाठी नवे खाते, नवी इमारत, नवे उद्घाटन यांपैकी कशाचीच गरज नाही. पोलिओ गेला तरी त्याच्या पाळतीची यंत्रणा देशभर चालू आहे. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कळवणे अपेक्षित असते. शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत जातात, साठ दिवसांनी मुलाला पुन्हा तपासले जाते. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत अंग ताठर नसते, बहुधा शिथिलच असते. अशी काही मुले या जाळ्यात आजही येत असणार. पोलिओ आढळला नाही की कागद मिटतो. त्याच कागदावर दोन रकाने वाढवावेत : गेल्या बारा महिन्यांत कांजिण्या आल्या होत्या का, आणि मेंदूचा एमआरआय झाला का. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना तर परिपत्रकाचीही वाट पाहायला नको. अर्धांग लुळे पडलेल्या मुलाचा केस पेपर लिहिताना हा प्रश्न आजच विचारता येतो. फक्त तो आईला तिच्या शब्दांत विचारावा. ‘व्हेरिसेला’ म्हटले तर ती नाही म्हणेल, ‘वर्षभरात माता आली होती का?’ म्हटले तर महिना आणि वार सांगेल.